सुतारकामाची खोली: आधी बाक, मग हत्यारं

यंत्रं नंतर घ्या, आधी बाक, म्हणजे सुतारकामाचं भक्कम टेबल. उंची उभ्याने मनगटाइतकी, साधारण ८५ सेंमी, म्हणजे रंध्यावर (लाकूड तासायच्या हत्यारावर) अंगाचा भार पडतो. वरची फळी किमान ४० मिमी जाड हवी. पायांना तिरक्या पट्ट्या नसल्या की बाक डुलतो आणि रंधा उड्या मारतो.

गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, दुकानातच तपासा: रेघ मारा, उलटा करून पुन्हा मारा. रेघा फाकल्या तर घेऊ नका.

पटाश्या (लाकूड कोरायची सपाट पात्याची हत्यारं) तीन पुरे: ६, १२, २५ मिमी रुंदीच्या. धारेच्या दगडावर मात्र हात आखडू नका. १००० आणि ६००० ग्रिट (आकडा मोठा तितका दगड बारीक) दोन्ही हवेत. धारेचा कोन २५ ते ३० अंश. पटाशीची पाठ आधी सपाट करा, नाहीतर कितीही घासलं तरी धार येणार नाही. पावसाळ्यात पात्यांना तेलाचा हात लावूनच ठेवा.