सेलिनुन्तेला जाताय? आधी खाण बघा

सिसिलीच्या नैऋत्य किनाऱ्यावर सेलिनुन्ते या प्राचीन ग्रीक नगरीचे अवशेष आहेत. तिथल्या मोठ्या देवळांचा दगड दहा-बारा किलोमीटरवरच्या कूझाच्या खाणींतून यायचा. टूरवाल्या बस सहसा तिकडे वळत नाहीत, त्यामुळे ऑलिव्हच्या झाडांमधून अगदी निवांत हिंडता येतं.

इथे खडकातून अर्धवट सुटलेले अजस्र गोल दगड जागच्या जागी उभे आहेत. एकावर एक रचून ज्यांचा खांब व्हायचा, ते हे तुकडे. मी एकाभोवतीच्या चरात उतरलो. रुंदी जेमतेम अर्धा मीटर, म्हणजे एका माणसाला आत उभं राहून कुदळ चालवता येईल एवढीच. कुदळीचे घाव अजून हाताला लागतात. चर चहूबाजूंनी खोल नेत जायचा आणि शेवटी बुडाशी पाचरी ठोकून दगड सुटा करायचा. चर वीतभर जास्त रुंद केला तरी फुकटची खोदाई वाढणार, हे त्या पाथरवटांना पक्कं ठाऊक असणार! इ.स.पू. ४०९ मध्ये कार्थेजच्या फौजेने नगरी लुटली आणि काम आहे तिथे थांबलं.

खरा खर्च मात्र याच्या पुढचा. एफेससच्या (आजच्या तुर्कस्तानातलं प्राचीन ग्रीक शहर) आर्टेमिस देवीच्या मंदिराचे खांब कसे नेले, ते रोमन लेखक व्हिट्रुव्हियसने लिहून ठेवलंय: दोन्ही टोकांना लोखंडी खुंट बसवायचे, त्यांना लाकडी चौकट अडकवायची आणि बैल जुंपून अख्खा खांब रोलरसारखा लोळवत न्यायचा. अथेन्सजवळच्या एल्युसिसला पेंटेली डोंगरातून संगमरवर नेल्याचे हिशेब शिलालेखात कोरलेले आहेत. खांबाच्या एकेका तुकड्याला तीसेक बैलजोड्या आणि तीन दिवस, खर्च तीनशेहून जास्त द्राख्मा (ग्रीकांचं चांदीचं नाणं). त्याच्या काही दशकं आधी ग्रीसमधल्याच एपिडॉरसला अस्क्लेपिओस या आरोग्यदेवाचं देऊळ बांधणारा मुख्य स्थपती थिओडोटस याला वर्षाला ३५३ द्राख्मा मिळत. म्हणजे एक दगड हलवायला जवळजवळ स्थपतीच्या वर्षभराच्या पगाराइतके पैसे! ते अख्खं देऊळ सुमारे २४ टॅलंटमध्ये झालं. एक टॅलंट म्हणजे ६,००० द्राख्मा.

हे डोक्यात ठेवून सेलिनुन्तेच्या 'जी' मंदिरापाशी गेलो. सुमारे ५० बाय ११० मीटर, ४६ खांबांचा आराखडा, खांबांची उंची सोळा मीटरच्या आसपास. इ.स.पू. ५३०च्या सुमारास सुरू झालेलं हे काम शतकभरानंतरही अपुरंच होतं. आज तिथे ढिगारा आहे आणि एकोणिसाव्या शतकात पुन्हा उभा केलेला एक खांब. खांबाच्या अंगावरच्या उभ्या खाचा, म्हणजे पन्हळी, खांब रचून झाल्यावरच पूर्ण कोरायच्या. इथले बरेच खांब त्या आधीच्याच अवस्थेत, गुळगुळीत राहिलेत.

सगळे फोटो काढतात ते शेजारच्या 'ई' मंदिरात, कारण १९५०च्या दशकात त्याचे खांब पुन्हा उभारले गेले. दिसतं छानच. पण बांधकाम समजून घ्यायचं असेल तर वेळ 'जी'च्या ढिगाऱ्यात घालवा आणि चांगले बूट घाला. दगड मोठे आहेत, वाट नाही.