९२ हर्ट्झची थरथर

पहाटे साडेपाचला ठाणे-बेलापूर रस्ता मोकळा मिळतो, म्हणून चाचणीसाठी तीच वेळ धरली होती. रबाळे एमआयडीसीतून निघून तुर्भ्याकडे जाताना चौथ्या गिअरमध्ये ताशी ६० पर्यंत अँबेसिडर तलम चालली. ६५ ला बुडाखाली गुणगुण सुरू झाली. ७० ला ती पायाखालच्या पत्र्यात उतरली आणि आतल्या आरशात मागचे दिवे लांबट दिसू लागले. ७८ च्या पुढे गेलं की पुन्हा शांत.

गाडी मार्क २, नोंदणी १९७२ ची. तिच्यात मुळात १४८९ सीसीचं बीएमसी बी-सिरीज इंजिन, साधारण ५० अश्वशक्तीचं. आम्ही बसवलं होतं भंगारात निघालेल्या काँटेसा क्लासिकमधलं १८१७ सीसीचं इसुझू पेट्रोल इंजिन आणि त्याचाच पाच गिअरचा गिअरबॉक्स. ही जोडी निवडायला कारण होतं. नव्वदच्या दशकात कंपनीनंच १८०० आयएसझेड नावानं अँबेसिडरमध्ये याच घराण्याचं इंजिन दिलं होतं, म्हणजे त्या बॉनेटखाली ते मावतं हे आधीच सिद्ध झालेलं. जुन्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ८८.९, नव्याचा बोअर ८४, स्ट्रोक ८२. जुनं खालून ओढतं पण लवकर दमतं, नवं फिरायला मोकळं. शिवाय नव्याचं हेड ॲल्युमिनियमचं, त्यात व्हॉल्व्हच्या सीट वेगळ्या बसवलेल्या असतात, त्यामुळे बिनशिशाच्या पेट्रोलवर सीट झिजण्याची धास्ती नाही.

काम हातात घेण्याआधी मालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. "काका, गाडीला पन्नास वर्षं झाली, व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल. पण त्या नियमात चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळचंच लागतं. इंजिन बदललं की तो रस्ता बंद." २०२१ च्या नियमांत व्हिंटेज नोंदणीला २०,००० रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत आहे, पण ती गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. काकांना गाडी चालवायची होती. मग मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी आरटीओची मान्यता, दात्या गाडीचे कागद आणि इंजिनाचं बिल जपून, आणि बदल झाल्यावर नोंदणी पुस्तकात नवा इंजिन नंबर. हे आधी करायचं. पत्रा कापून झाल्यावर कागदांच्या मागे धावणाऱ्यांचे हाल आम्ही पाहिलेत.

आमची अट एवढीच की गाडीच्या मूळ अंगाला शक्यतो हात लावायचा नाही. गिअरबॉक्सचा ब्रॅकेट चार १० मिमी बोल्टांवर, मूळ क्रॉसमेंबर, म्हणजे गाडीखालचा आडवा आधार, तसाच. कापलं ते फक्त गिअरबॉक्सवरच्या पत्र्याच्या बोगद्यावरचं ११० मिमीचं भोक, कारण स्टिअरिंगवरचा गिअर जाऊन खालून दांडी आली. कापलेली चकती तेल लावून ठेवली आहे.

इंजिन बसवताना चेनब्लॉकला टांगून आणि ओळंबा सोडून गाडीची मध्यरेषा जमिनीवर खडूनं काढली. सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) आणि क्रॉसमेंबर यांत २० मिमी, पंखा आणि रेडिएटर यांत २५ मिमी जागा ठेवली. यापेक्षा कमी ठेवलं तर ब्रेक मारल्यावर इंजिन रबरावर पुढे झुकतं आणि पंखा रेडिएटरला लागतो. बॉनेट लागेल का हे बघायला एअर क्लीनरवर कणकेचे गोळे ठेवून बॉनेट हळूच बंद केलं. गोळा दबून १८ मिमी उरला. पुरेसं आहे.

बाकीच्या यादीत वेळ गेला, पण त्यात नवल नव्हतं. जुना डायनमो २२ अँपिअरचा. विजेचा पंखा १०, पुढचे दिवे १०, कॉइल ४, मागचे दिवे ३, बेरीज २७. म्हणून इसुझूचाच अल्टरनेटर ठेवला, आणि पंख्याला व पुढच्या दिव्यांना वेगवेगळे रिले आणि फ्यूज दिले. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल असल्यामुळे टाकीपासून कार्बुरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी पाईप त्याला टिकणारा घातला. जुना पाईप फुगतो, आतून सुटतो आणि त्याचे तुकडे जेटमध्ये अडकतात. पुढे डिस्क ब्रेक लावले ते नंतरच्या अँबेसिडरचे, पण मास्टर सिलिंडर मात्र जुन्या ड्रमचाच राहिला होता. पहिल्या चार किलोमीटरनंतर पुढचे हब हात लावू देईनात. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये पाईपात साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवणारी झडप असते. ड्रमला ती लागते, कारण तिथे स्प्रिंग शूज मागे ओढतात. डिस्कला परतीची स्प्रिंग नाही, त्यामुळे तेवढ्या दाबानं पॅड चिकटूनच राहतात. मास्टर सिलिंडर बदलला आणि विषय संपला.

आता ती थरथर.

पहिला प्रश्न: इंजिनाची की चाकांकडची? ७२ ला क्लच दाबून न्यूट्रल केलं, इंजिन आयडलवर आलं, थरथर तशीच. त्याच ७० ला तिसऱ्या गिअरमध्येही तशीच. म्हणजे इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सचे आतले गिअर संशयातून सुटले. उरलं ते रस्त्याच्या वेगाशी बांधलेलं: टायर, ब्रेक, ॲक्सल, हाउसिंग (ॲक्सलच्या मधला गिअरचा डबा) आणि गिअरबॉक्सची फिरकी तिथवर नेणारा प्रॉपेलर शाफ्ट.

इथे आकडे काढून ठेवणं मला फार मोलाचं वाटतं. टायरवर खडूची खूण करून गाडी एक फेरी ढकलली: २.०५ मीटर. हाउसिंग सीलसाठी उघडलं तेव्हा दात मोजले होते, मोठ्या क्राऊनला ३९ आणि शाफ्टला जोडलेल्या छोट्या पिनियनला ८, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.८७५. ताशी ७० म्हणजे सेकंदाला १९.४ मीटर. चाक सेकंदाला साडेनऊ फेऱ्या, शाफ्ट ४६ फेऱ्या. तेव्हा साडेनऊ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला साडेनऊ वेळा, धक्का दिसला तर टायर किंवा चाक. ४६ ला दिसला तर शाफ्टचं बॅलन्सिंग किंवा वाकडेपणा. ४६ च्या दुपटीला, ९२ ला दिसला तर शाफ्टचे क्रॉस, म्हणजे त्याच्या दोन टोकांचे कोनात फिरू शकणारे सांधे. वेग जीपीएसवरून घ्यायचा, जुन्या मीटरवर विसंबायचं नाही.

पोऱ्याच्या फोनवर कंपनं मोजणारं ॲप होतं. फोन सीटच्या बोल्टजवळ पत्र्यावर टेपनं घट्ट लावला. ७० ला शिखर आलं ८ च्या आसपास. साडेनऊच्या जवळ, तेव्हा संशय टायरवर. डायगोनल टायर, गाडी महिनाभर एका जागी उभी, तळ चपटा झाला असणार असं सगळ्यांना पटलं. चाकं पुढची मागे, मागची पुढे, स्टेपनी लावून पाहिली, दोन चाकं पुन्हा बॅलन्स करून आणली. साडेअकरा वाजले. फरक शून्य.

मग पोऱ्याच म्हणाला, "दादा, ६५ ला बघा, आकडा १४ होतोय."

हा आकडा ऐकून मी फोन हातात घेतला. वेग कमी केल्यावर कंपनसंख्या वाढते? चाकाची असो की शाफ्टची, वेग उतरला की ती उतरलीच पाहिजे. ६८ ला १० दाखवत होता, ६५ ला १४, ७० ला ८ च्या जरा खाली. आकडा खोटा होता, पण शिस्तीत खोटा होता. पडद्यावर टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं, तसंच हे. कॅमेरा पुरेशा वेगानं चित्रं घेत नाही म्हणून डोळा फसतो. तो फोन सेकंदाला १०० नमुने घेत होता, म्हणजे ५० हर्ट्झच्या वरचं त्याला खरं दिसूच शकत नाही. ९२ ची थरथर त्याच्या लेखी १०० वजा ९२, म्हणजे ८. ६५ च्या वेगाला क्रॉसची थरथर ८६, आणि १०० वजा ८६ म्हणजे १४. अगदी तंतोतंत.

दुसरा फोन सेकंदाला ४०० नमुने घेणारा. ७० ला शिखर ९२, आणि ४६ ला नुसता उंचवटा. अशा ॲपमध्ये सेटिंगला जाऊन नमुन्यांचा दर आधी बघा. २०० च्या खाली असेल तर शाफ्टचा शोध त्यावर घेऊ नका.

९२ म्हणजे एका फेरीत दोन धक्के. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पुढची बाजू एकसारखी फिरत असली तरी मागची एका फेरीत दोनदा पुढे पळते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन जेवढा मोठा तेवढं हे जास्त, आणि वाढतं ते कोनाच्या वर्गाच्या पटीत. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल आणि दोन्ही योक (क्रॉस धरणारे शाफ्टचे दुशाखे) एका रेषेत असतील, तर पहिल्यानं केलेली गडबड दुसरा पुसून टाकतो. म्हणून बघायच्या गोष्टी दोनच: योकची रेषा आणि दोन कोनांची बरोबरी. बॅलन्सिंगनं यातलं काहीच सुधारत नाही. शाफ्ट लहान करून वेल्डिंग झाल्यावर तो बॅलन्स करून आणला होता, आणि तो बॅलन्स चांगलाही होता.

शाफ्ट काढला. व्ही-ब्लॉकवर ठेवून दोन्ही योकांच्या कानांवर लेव्हल धरली, एका रेषेत. डायल गेज लावून मधोमध वाकडेपणा ०.१५ मिमी, चालतो. क्रॉस नवे, कुठे अडकत नाहीत. राहिले कोन.

कोन मोजायचे तर गाडी चाकांवर उभी हवी. आम्ही ती पिटवर घेतली, टाकी अर्धी भरली, मागच्या सीटवर वाळूची दोन पोती ठेवली आणि बंपर दोन-तीनदा दाबून सोडला म्हणजे पाटे (ॲक्सलवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसतात. डिजिटल अँगल गेज तासलेल्या पृष्ठभागावरच ठेवायचं, रंगावर किंवा ओतीव भागावर नाही. मागच्या बाजूला उतार असा हिशोब धरून गिअरबॉक्सची रेषा ४.५ अंश, शाफ्ट २.० अंश, पिनियन २.८ अंश. पुढच्या क्रॉसचा कोन २.५, मागच्याचा ०.८. फरक १.७ अंशांचा. आम्ही अर्ध्या अंशापलीकडे जाऊ देत नाही.

चूक कुठे झाली तेही लगेच सापडलं, आणि ती आमचीच होती. गिअरबॉक्सचा ब्रॅकेट कोन जुळवूनच वेल्ड केला होता, पण त्या दिवशी गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर होती. घोड्या बॉडीखाली, मागचा ॲक्सल लोंबकळत. पाटे वजनानं दबलेले नसले की पिनियनचं नाक वेगळ्याच दिशेला बघतं. लोंबत्या ॲक्सलला जुळवलेला कोन चाकांवर उभ्या गाडीला जुळेलच कसा? ब्रॅकेटला वेल्डिंगचा नुसता टाका मारून गाडी खाली उतरवायची, पुन्हा मोजायचं आणि मगच वेल्डिंग पुरं करायचं. एका तासाचा हा क्रम आम्ही चुकवला होता.

दुरुस्तीचे मार्ग दोन. ब्रॅकेट कापून गिअरबॉक्सची शेपटी वर उचलायची, किंवा पिनियनचं नाक वर करायचं. शेपटी उचलली तर शाफ्टचा उतारही बदलतो आणि दोन्ही कोन शून्याजवळ जातात. तेही वाईट, कारण क्रॉसच्या सुया जागच्या जागी दबून वाटीत खाचा पाडतात. कोन अर्धा-एक अंश तरी हवा. म्हणून पाटा आणि ॲक्सलची बैठक यांच्यामध्ये १.५ अंशाच्या पाचरी. बैठक ६० मिमी लांब असेल तर दोन टोकांच्या जाडीतला फरक १.६ मिमी. पाटा ॲक्सलच्या खाली असेल तर जाड बाजू पुढे, वर असेल तर मागे. उलटी घातली तर फरक दुप्पट होतो. पाचर पोलादाची घ्या. ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, पण दबते, तडकते आणि यू-बोल्ट सैल पडतात. मधला बोल्ट पाचरीच्या जाडीएवढा लांब, यू-बोल्ट नवे, आणि ते गाडीचं वजन चाकांवर असतानाच तिरक्या क्रमानं तीन टप्प्यांत आवळायचे.

पाचरी घातल्यावर पिनियन ४.२, मागचा कोन २.२. पुढच्यापेक्षा ०.३ कमी मुद्दाम ठेवला. ॲक्सिलरेटर दाबला की पाटे पिळवटतात आणि नाक तेवढं स्वतःच वर येतं. शाफ्टच्या सरकत्या जोडात २२ मिमी मोकळी जागा आहे हे पाचरीनंतर पुन्हा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तोच रस्ता, तोच फोन, तीच जागा. ७० ला ९२ चं शिखर बाकीच्या गोंधळात शोधावं लागलं. ४६ चा उंचवटा राहिला आहे. शाफ्ट पिनियनच्या फ्लँजवर अर्धी फेरी फिरवून लावला की तो आणखी उतरेल, तो प्रयोग पुढच्या आठवड्यात. ८० ला पाचव्या गिअरमध्ये इंजिन शांत आहे. जुनं याच वेगाला चौथ्यात ३२०० च्या आसपास ओरडायचं. चौघं बसून पारसिक हिलची चढण दुसऱ्या गिअरमध्ये घेतली, निघताना धडधड नाही, पाण्याचं तापमान ८८.

काका मागच्या सीटवर होते. उतरताना त्यांनी जुन्या इंजिनाचं विचारलं. ते लाकडी खोक्यात आहे. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे तेल, प्लगच्या भोकांना बूच, आणि दर दोन महिन्यांनी पान्यानं दोन फेऱ्या. यू-बोल्ट ३०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळायला गाडी येईल तेव्हा खोकं टेम्पोत घालून त्यांच्या घरी पोचवायचं आहे.