दम लागण्याचे दुसरे कारण

माण तालुक्यातल्या माहेरी आणि पुढे सासरीही कितीतरी वर्षे मी चुलीपुढे बसून फुंकणीने जाळ केला, पण विडी-सिगारेटला कधी हात लावला नाही. त्यामुळे 2017 साली स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोराने फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, केल्यावर छातीच्या डॉक्टरांनी कागदावर सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा जुनाट आजार, असे लिहिले, तेव्हा मला ते खरे वाटेना; तो विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाच आजार असे मी समजत होते. पहिल्या सेकंदात मी बाहेर सोडलेल्या हवेचे फुंकरीतल्या एकूण हवेशी प्रमाण श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध घेतल्यानंतरही 0.58 होते, आणि ते 0.70 च्या खाली राहिले तर श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या आहेत असे मानतात.

गेल्या वर्षी जानेवारीत खोकला आणि कफ वाढून पाच दिवस दवाखान्यात काढावे लागले. घरी आल्यावर कफ सुटला, मात्र 22 पायऱ्यांचा आमचा जिना चढताना पूर्वीपेक्षा लवकर दम लागू लागला. त्याच वेळी जबड्याखाली काहीतरी आवळल्यासारखे होई आणि थांबले की दोनेक मिनिटांत ओसरे. छातीत दुखत नसल्यामुळे मी, घरच्या मंडळींनी आणि गावातल्या डॉक्टरांनीही सगळा दोष फुप्फुसांच्या माथी मारला. इन्हेलर वाढवले, त्याने हात थरथरू लागले आणि छातीत धडधड होऊ लागली, दम मात्र होता तेवढाच राहिला.

जबड्याची गोष्ट मी छातीच्या डॉक्टरांना जाता जाता सांगितली, आणि त्यांनी मला पुन्हा खुर्चीवर बसवले; चढताना येणारे आणि थांबले की ओसरणारे असे आवळणे हृदयाचेही असू शकते, असे ते म्हणाले. धुराने जी दीर्घकाळची सूज श्वासनलिकांना येते, तिचा परिणाम रक्तवाहिन्यांवरही होतो आणि असा आजार बळावल्यानंतरच्या काही आठवड्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो, हे मी त्या दिवशी प्रथम ऐकले.

पुढच्या तपासण्यांमध्ये मात्र माझी फुप्फुसेच आडवी आली. बसून काढलेला ईसीजी ठीक होता. ट्रेडमिलवर नाडी निदान 133 पर्यंत जायला हवी होती, पण मी तीन मिनिटांच्या आतच धापा टाकत उतरले, त्यामुळे अहवालात निष्कर्ष काढता येत नाही एवढेच आले. टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, फुगलेल्या फुप्फुसांआड हृदय नीट दिसेना. औषध टोचून करायच्या एका चाचणीत श्वासनलिका आकसण्याची भीती होती म्हणून ती टाळली, आणि अखेर हृदयाच्या रक्तवाहिन्या सीटी स्कॅनने पाहण्याची सीटी अँजिओग्राफी ठरली, तिच्यासाठी काही सेकंद श्वास रोखता यावा म्हणून मी आठवडाभर घड्याळ पाहून सराव केला. डाव्या बाजूच्या मुख्य धमनीत मोठा अडथळा निघाला. मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी केली आणि त्याच वेळी धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, घातला. सपाट झोपणे मला जमत नाही हे आधीच सांगितल्याने डोक्याखाली उंच उशी दिली होती, नाहीतर हृदयाआधी माझा श्वासच त्या टेबलावरून उठला असता.

गोळ्यांच्या बाबतीतही बरीच विचारपूस करावी लागली. रक्त पातळ ठेवणाऱ्या टिकाग्रेलोरने काहींना दम लागल्यासारखे होते, म्हणून मला ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल दिले. नाडी मंद करणारी बिसोप्रोलॉल घ्यायला गेले तेव्हा औषधाच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "मावशी, दम्याच्या माणसाला ही चालत नाही." मी गोळ्या न घेता परतले आणि फोन केला. बीटा ब्लॉकर गटातली प्रोप्रॅनोलॉलसारखी सर्वत्र परिणाम करणारी औषधे श्वासनलिका आकसवू शकतात, बिसोप्रोलॉल मुख्यतः हृदयावर काम करते आणि सीओपीडीत सहसा सोसते, असे हृदयरोगतज्ज्ञांनी समजावले. तरी मी ती लहान मात्रेने सुरू केली आणि पहिले दोन आठवडे दम, नाडी व घेतलेले इन्हेलर रोज वहीत लिहिले.

आता दोन्ही डॉक्टरांची औषधे एकाच कागदावर लिहिलेली असतात. जिन्यात अकराव्या पायरीवर मी अजूनही थांबते, कारण फुप्फुसे जशी होती तशीच आहेत. जबड्याखालचे आवळणे मात्र स्टेंटनंतर एकदाही आलेले नाही.