कार्ड नंबर २७

मी वडोदऱ्यात एका इंग्लिश मीडियम शाळेत दहावीला सायन्स शिकवते, चौदा वर्षं झाली. पुस्तक इंग्लिश, मुलं बोलणार गुजराती, आणि मी घरची दांडिया बाजारातली मराठी, त्यामुळे डोक्यात कायम खिचडी. इलेक्ट्रिसिटीचा धडा दरवर्षी तसाच जायचा, मी विचारणार सिरीजमध्ये, म्हणजे एकामागून एक जोडणीत, करंट सगळीकडे सारखाच ना, वर्ग ओरडणार "यस टीचर!", मी पुढे. सयाजीरावांनी १९०६ साली अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पण वर्गात एकट्याने तोंड उघडणं कोणाला सक्तीचं करता आलं नाही, असं माझी आई म्हणते, तीही मास्तरीणच होती.

तर यंदा लेकाच्या नादाने प्लिकर्स करून बघायचं ठरवलं, वर्गात प्रश्न विचारून सगळ्यांची उत्तरं एकदम घ्यायचं अ‍ॅप. तसलंच कहूट आधी केलं होतं पण त्याला प्रत्येकाकडे मोबाईल लागतो आणि शाळेत मोबाईल चालत नाही, विषय संपला. प्लिकर्समध्ये मोबाईल फक्त माझा. मुलांच्या हातात कागदाचं एकेक कार्ड, त्यावर क्यूआर कोडच्या चुलत भावासारखी काळी नक्षी, चार बाजूंना बारीक अक्षरात ए बी सी डी. जे उत्तर ती बाजू वर करून धरायचं, मी कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, झालं. प्रत्येकाची नक्षी वेगळी म्हणून शेजाऱ्याचं बघून फारसा उपयोग नाही.

मी हौशी, रावपुऱ्यात जाऊन सगळी कार्डं चकचकीत लॅमिनेट करून आणली. तिथेच माती खाल्ली. ट्यूबलाईटचा उजेड कार्डावर असा चमकायचा की फोनला निम्मी कार्डं दिसेचनात. लाईट बंद केले तर अंधार, पडदे उघडले तर खिडकीकडच्या रांगेची बोंब, शेवटी सगळ्यांना म्हणलं कार्ड जरा खाली झुकवा, आरती ओवाळतोय तसं, आणि काळ्या भागावरची बोटं काढा. दहा मिनिटं यातच गेली, मागच्या बाकावर हसाहशी सुरू.

प्रश्न साधा होता. एक बॅटरी, सिरीजमध्ये दोन सारखे बल्ब, कोणता जास्त उजळेल? ए म्हणजे प्लसकडून पहिला, बी दुसरा, सी दोन्ही सारखे, डी सांगता येत नाही. स्क्रीनवर ग्राफ आला आणि मी गप्पच. ए २१, बी ४, सी ९, डी ४. ३८ पैकी फक्त ९! आदल्याच दिवशी याच पोरांनी छप्पर उडेल असं यस टीचर म्हणलं होतं.

एकाला विचारलं तर म्हणाला, "टीचर, पहेलो बल्ब तो वधारे खाई जाय ने." म्हणजे पहिला बल्ब करंट खातो, उरलेला दुसऱ्याला, पंगतीत शेवटच्याला वरण पातळ मिळतं तसं. खरं सांगू, लॉजिक वाईट नव्हतं.

मग फेट लावलं, कोलोराडो युनिव्हर्सिटीची फुकट सिम्युलेशन्स असतात ती, डाऊनलोड केलेलं होतं म्हणून वायफायचे पाय धरावे लागले नाहीत. निळे इलेक्ट्रॉन तारेतून चाललेत, बल्बमध्ये जाताना जेवढे बाहेर येताना तेवढेच, वेग तोच. मला वाटलं जिंकले. तर मागून आवाज, टीचर ते कॉम्प्युटरमध्ये जसं टाकलं तसंच दाखवणार ना. घ्या.

लॅबमधून दोन सेल, दोन टॉर्चचे बल्ब, होल्डर मागवले. जोडलं. आणि पहिला बल्ब चक्क जास्त पेटला! वर्गात जो जल्लोष झाला, क्रिकेटच्या मॅचला होत नाही. २१ जणांची वरात आणि मी घामाघूम, काय बोलावं सुचेना.

तेव्हा कार्ड नंबर २७ उठला. हा मुलगा वर्षभरात माझ्याशी पाच वाक्यं बोलला असेल, त्याचं उत्तर सी होतं हे मी नंतर फोनवर पाहिलं. हळूच म्हणाला, बल्बच्या जागा बदलून बघू? बदलल्या. आता दुसऱ्या जागेवरचा जास्त पेटला, म्हणजे उजेड जागेबरोबर नाही, बल्बबरोबर सरकला. वर्ग एकदम शांत. त्यानेच मग बल्ब काढून खिडकीपाशी नेले, पितळी भागावर मुंगीएवढ्या अक्षरात आकडे असतात, भिंग लावून वाचले. एकावर २.५ व्होल्ट ०.३ अँपिअर, दुसऱ्यावर २.५ आणि ०.२. एक लॅबच्या जुन्या डब्यातला, एक नवा, सारखे नव्हतेच मुळी! फळ्यावर व्होल्ट भागिले अँपिअर हा भागाकार मुलांनीच केला, रेझिस्टन्स आला ८.३ ओहम आणि १२.५ ओहम. करंट दोघांत तोच, म्हणून ज्याचा रेझिस्टन्स जास्त तो जास्त उजळतो. हे मी आखून शिकवलं असतं तर इतकं जमलं नसतं, आणि प्रिन्सिपॉल नेमक्या तेव्हा दारातून डोकावल्या तेव्हा वर्ग अर्धा उभा, अर्धा खिडकीत, मी खुर्चीवर चढलेली.

दुसऱ्या दिवशी पाठांतर चालू नये म्हणून प्रश्न बदलला, तीन सारखे बल्ब, मधल्याचं काय? (कार्डं साध्या कागदावर पुन्हा छापली, लॅमिनेशनचे पैसे गेले ते गेले.) बरोबर ३३. उरलेल्या पाचांत वर्गातली पहिली मुलगी. मी सुट्टीत विचारलं तर वही बंद करत म्हणाली, "टीचर, पेपरमां तो सरखा ज लखीश, पण मने हजु एवुं नथी लागतुं." म्हणजे पेपरात सारखेच लिहीन, पण मला अजून तसं वाटत नाही.

एकाच आकड्याचे तीन बल्ब शोधतेय आता, मंगळ बाजारात दोन दुकानं झाली, तिसरा मिळत नाहीये.