कचरा वेगळा तर करतो, पण कमी कुठे करतो?

सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं की घरात जो मोकळा असेल त्याने डबे घेऊन धावायचं असा आमचा नियम आहे, आणि मोकळी नेहमी मीच असते. इंदूरकरांना हे काय सांगायचं म्हणा. २०१७ ला देशातल्या स्वच्छ शहरांत पहिला नंबर आला तो सलग सात वर्षं सोडला नाही आपण (सातव्या वर्षी सुरतबरोबर वाटून घ्यावा लागला), त्यामुळे ओला-सुका हाताला इतका बसलाय की पुण्याला नणंदेकडे गेले तरी मी केळ्याचं साल हातात धरून "गीलावाला डबा कुठंय" विचारते आणि सगळे हसतात.

तर मागच्या महिन्यात गाडीवाल्या भैयाने माझा ओला डबा उलटा केला आणि त्यातून कोथिंबिरीची अख्खी जुडी पडली, रबरबँडसकट. त्याने शांतपणे रबरबँड काढून माझ्या हातात दिला, "दीदी, ये सूखे में." जुडीबद्दल तो काही बोलला नाही पण मला लाज वाटली ती जुडीचीच. काळी पडलेली, न सोडलेली जुडी.

अहोंना सांगितलं तर म्हणे जाऊ दे ना, त्याचा गॅसच होतो. तेही खरंच आहे, देवगुराडियाला रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकेल असा प्लांट आहे, २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, बंद टाक्यांमध्ये हवेशिवाय कचरा कुजवतात, त्यातून बायो-सीएनजी निघतो आणि शहरातल्या काही बसगाड्या त्यावर चालतात. पण वीस रुपयांची कोथिंबीर विकत आणून बस चालवायला द्यायची एवढी काही मी दानशूर नाही.

मग रद्दीसाठी आणलेला ताणकाटा काढला आणि आठवडाभर ओला डबा मोजला. चार माणसं, साडेनऊ किलो! सालं, चहाचा चोथा तर असणारच, पण शिळा भात, लिबलिबीत काकडी, अर्धं लिंबू, हे कोणाच्या नावावर टाकायचं?

सासूबाईंना तर निमित्तच मिळालं. दोडका सोलला की आधी विचारणार, "शिरा कुठे गेल्या?" आता शिरा चटणीसाठी वेगळ्या ताटलीत ठेवते. बारीक चिरून चमचाभर तेलात अगदी मंद आचेवर परतत बसायचं, घाई केली की करपतात, वाळल्यासारख्या कुरकुरीत झाल्या की तीळ, सुकं खोबरं, तिखट, मीठ, चिमूटभर साखर घालायची आणि हातानेच चुरायचं, मिक्सर नको. दोडका मात्र आधी चाखून बघायचा, कडू निघाला तर शिरांसकट सरळ डब्यात, तिथे काटकसर नाही. (जून दोडक्याच्या शिरा दातात अडकतात, तेव्हा सासूबाई काही बोलत नाहीत.)

कोथिंबीर आता आल्या आल्या सोडते, न धुता. मुळं कापायची, पेपरवर पसरून ओल जाऊ द्यायची, मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात भरून ठेवायची. आठवडा आरामात जातो. कोवळे देठ वाटणात. कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालीपिठात, आणि उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा तर काय, त्यासाठी आमच्याकडे मुद्दाम दोन पोळ्या जास्त होतात, म्हणजे ते वाचवणं म्हणावं का हाही प्रश्नच आहे.

गॅलरीत खताचा माठही ठेवला होता आणि त्याची फजिती झाली. मी नुसती सालं टाकत गेले, वर एकदा आंबलेलं वरणही ओतलं, पावसाळ्याचे दिवस, दहा दिवसांत असा वास सुटला की शेजारच्या काकूंनी "तुमच्याकडे उंदीर मेलाय का" विचारलं. ओल्याच्या दुप्पट तरी सुका पाला लागतो, तो ओल शोषतो आणि मधून हवा खेळते, हे नंतर कळलं. आता बागेतून पोतंभर वाळकी पानं आणून ठेवलीत, शिजवलेलं काही टाकत नाही, आणि वास गेला. अळ्या आहेत अजून थोड्या, मी त्यांच्याकडे बघत नाही.

मागच्या आठवड्यात काटा सहा किलोवर आला. मी खूश, आणि काल अहो चोइथराम मंडीतून "स्वस्त होती" म्हणून मेथीच्या सहा जुड्या घेऊन आले. निवडायला बसा म्हटलं तर मॅच लावून बसलेत.