औली की गुलमर्ग : एका हिवाळ्यातली निवड

भाच्याला कोणी न तुडवलेल्या भुसभुशीत बर्फावरून स्कीइंग करायचे होते आणि मला मुळात स्कीवर धड उभे राहायला शिकायचे होते. दोघांचेही भागेल अशी जागा भारतात शोधू लागल्यावर विचार दोन नावांपाशी येऊन थांबला : उत्तराखंडातले औली आणि काश्मीरमधले गुलमर्ग. उंचीवरून निर्णय होण्यासारखा नव्हता, कारण गुलमर्गचे पठार सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि औलीचे उतारही साधारण २,५०० ते ३,००० मीटरच्या पट्ट्यातच पसरलेले आहेत.

सुरुवातीला माझा कल औलीकडे होता. शिकाऊ माणसाला तिथे चांगली सोय आहे. गढवाल मंडल विकास निगम स्कीचे वर्ग चालवते, भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची गिर्यारोहण व स्की संस्थाही तिथेच आहे आणि २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतले स्कीइंग याच उतारांवर झाले होते. शिवाय समोर ७,८१६ मीटर उंचीची नंदादेवी दिसत असताना आपटण्याचे दुःखही काहीसे हलके होत असावे, असा माझा एक तर्क होता. मात्र ऋषिकेशहून औलीच्या पायथ्याच्या जोशीमठ गावापर्यंतचा सुमारे २५० किलोमीटरचा डोंगरी रस्ता पार केल्यावर वर नेणारा रोपवे जानेवारी २०२३मध्ये, जोशीमठच्या जमिनीला आणि घरांना भेगा पडल्या तेव्हा, बंद करण्यात आला होता. त्यामुळे उरलेली चढणही गाडीनेच चढायची, हे गृहीत धरावे लागत होते.

तरीही रस्त्यापायी मी औली सोडले नसते. पारडे फिरले ते बर्फामुळे. दोन्हीकडे हिवाळ्यातला बर्फ पश्चिमेकडून येणाऱ्या विक्षोभांमुळेच (पाऊस-बर्फ आणणाऱ्या वादळी हवेच्या प्रणालींमुळेच) पडतो, पण हे विक्षोभ आधी काश्मीरला आणि पीर पंजालच्या रांगेला भिडतात, आणि त्यांचा जोर कमी असला तर गढवालच्या वाट्याला थोडेच येते. गुलमर्ग ३४ अंश अक्षांशावर आहे, तर औली साडेतीस अंशांच्या आसपास, आणि सारख्या उंचीवर एवढा फरकही बर्फ टिकण्याच्या दृष्टीने जाणवतो. औलीत कृत्रिम बर्फाची यंत्रे आणि त्यांच्यासाठी बांधलेले तळे आहे, परंतु त्या यंत्रांनाही हवा पुरेशी गार लागतेच; बर्फाअभावी तिथल्या स्पर्धा रद्द होण्याची वेळ आलेली आहे. अर्थात गुलमर्गही हमखास नाही. जानेवारी २०२४मध्ये ऐन हिवाळ्यात तिथले कुरण उघडे पडले होते आणि बर्फ महिन्याच्या अखेरीस आला. म्हणून आम्ही गुलमर्ग निश्चित केले, पण तारखा फेब्रुवारीच्या घेतल्या. काश्मीरमधला कडाक्याच्या थंडीचा ‘चिल्लई कलान’ हा चाळीस दिवसांचा काळ २१ डिसेंबरला सुरू होऊन जानेवारीअखेर संपतो, आणि तोवर बर्फाचे थर साधारणपणे बसलेले असतात.

श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर आहे. तंगमर्गपर्यंत रस्ता सपाट आणि निवांत होता. तिथून पुढच्या तेरा किलोमीटरच्या घाटासाठी मात्र चाकांना साखळ्या बांधलेली गाडी घ्यावी लागली. (परराज्यातले प्रीपेड सिमकार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, हे निघण्यापूर्वीच ध्यानात ठेवावे.)

गुलमर्ग म्हटले की सगळे गोंडोल्याविषयी, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या तिथल्या बंद डब्यांच्या रोपवेविषयी, बोलतात, पण माझ्यासारख्या माणसासाठी गुलमर्ग म्हणजे गोंडोल्याच्या पायथ्याजवळचा सौम्य उतार. तिथे उतरण्यापूर्वीचा अर्धा तास बुटांत गेला आणि तो सत्कारणी लागला, असे माझे मत आहे. स्कीचा बूट नेहमीच्या बुटासारखा निवडता येत नाही. ताठ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की बोटे किंचित मागे सरकली पाहिजेत. टाच मात्र जागची हलता कामा नये. बूट देणाऱ्या माणसाने माझे वजन आणि उंची विचारली, बुटाच्या तळव्याची लांबी पाहिली, आजवर कितपत स्कीइंग केले आहे तेही विचारले आणि मगच पेचकसाने बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला जखडणाऱ्या पकडीचा, आकडा खाली आणला. पडताना पाय पिरगळण्याआधी स्की सुटून बाजूला व्हावी, यासाठी हा आकडा असतो. तो इतरांच्या पाहून लावू देऊ नये, एवढे मी नवशिक्यांना आग्रहाने सांगेन.

प्रशिक्षकाने पहिला धडा थांबण्याचा दिला. दोन्ही स्कींची टोके जवळ आणायची, मागचा भाग बाहेर ढकलायचा आणि आतल्या कडा बर्फात रुतवायच्या. या पवित्र्याला स्नोप्लाव म्हणतात. वेग वाढताच शरीर आपोआप मागे झुकते आणि मागे झुकले की टोकांवरचा भार जाऊन स्की ऐकेनाशा होतात. धीर करून पुढे, थेट उताराच्या दिशेने झुकायचे, ही गोष्ट बुद्धीला पटली तरी पोटऱ्यांना पटायला बराच वेळ लागतो.

भाच्याने पहिल्याच सकाळी वाटणी जाहीर केली होती : “मावशी, वरचा बर्फ माझा, खालचा तुझा.” वरचा म्हणजे गुलमर्गच्या माथ्यावरचा अफरवत डोंगर. गोंडोल्याचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत नेतो आणि दुसरा सुमारे ३,९५० मीटरपर्यंत. वारा वाढला की दुसरा टप्पा बंद होतो. मोठ्या हिमवर्षावानंतरही बचाव पथक उताराची तपासणी करून कृत्रिम स्फोटांनी धोकादायक थर पाडत नाही तोवर तो उघडत नाही. ही तपासणी गोंडोल्याखालच्या ठरावीक भागापुरती असते. कडा ओलांडून पलीकडे उतरणाऱ्याने हिमस्खलनाचा दैनंदिन अहवाल वाचलेला असावा, सोबत माहीतगार मार्गदर्शक असावा आणि ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा ठाव लावणारे रेडिओ यंत्र), फावडे व प्रोब (बर्फात खुपसून शोध घेण्याची लांब काठी) ही साधने नुसती पाठीवर नसून हाताळता येत असावीत. फेब्रुवारी २०२४मध्ये याच डोंगरावर हिमस्खलनात एका परदेशी स्कीपटूचा मृत्यू झाला होता. भाचा मार्गदर्शक घेऊन गेला, आणि अहवालात धोका वाढलेला दिसला त्या दिवशी चरफडत का होईना, कोंगडोरीच्या खालीच राहिला.

दोघांचे एकाच जागी भागले ते गुलमर्गमध्ये खालचे आणि वरचे जग इतके वेगळे असल्यामुळे. मी एकटी असते आणि जोशीमठच्या वरच्या उतारांवर पुरेसा बर्फ आहे अशी खात्रीची बातमी असती, तर मी औलीच निवडले असते : तिथे वर जाण्याचा मोह कमी आणि सराव अधिक. भाच्याला मात्र औलीचा उतार दोन दिवसांत अपुरा वाटू लागला असता. पुढच्या खेपेला तो पुन्हा अफरवतला जाईल आणि मी गढवालातल्या बर्फाच्या बातम्या पाहून, शक्यतो ऐन वेळी, औलीचे ठरवीन.