खुबा बदलल्यानंतरची पहिली पांडवलेणी
खुब्याचा सांधा बदलून आठ महिने झाले आणि गेल्या रविवारी मी पांडवलेणीच्या पायऱ्या, मध्ये दोनदा थांबून का होईना, पण कोणाचाही हात न धरता चढले.

पहिले सहा आठवडे सर्वांत कठीण गेले, कारण खुबा काटकोनापलीकडे वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची, हे नियम पाळताना जमिनीवर पडलेला रुमाल उचलण्यासाठीही कोणाला तरी हाक मारावी लागे. काठी दुखऱ्या नव्हे, तर विरुद्ध बाजूच्या हातात धरायची असते, हे फिजिओथेरपिस्टबाईंनी सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हते; तशी धरताच लंगडणे स्पष्ट कमी झाले. जिना चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, हे त्या दिवशी पांडवलेणीवरही मी मनात घोकत होते.

आता रोज सकाळी गोदापार्कवर अर्धा तास चालते. मांडी घालून बसणे मात्र मी डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडले आहे आणि त्याची मनापासून हळहळ वाटते. श्रावणातल्या सत्यनारायणाला मी खुर्चीवर बसले होते, तेव्हा सासूबाईंनी स्वतः उठून प्रसादाच्या शिऱ्याचा द्रोण माझ्या हातात आणून दिला.